शेवटचा माणूस मी होतो

आधी चूक सांगतो, मग बाकीचं.

चार वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या एका रविवारी, धबधब्याकडे जाणाऱ्या वाटेवर पुढून हाक आली, "शेवटचा?" मी ओरडून उत्तर दिलं, "पूर्ण!" ते खरं नव्हतं. माझ्या मागे एक माणूस राहिला होता. तो चुकून राहिला नव्हता, मीच त्याला एका बाकावर बसवून पुढे आलो होतो. ते माझे सासरे. वय तेव्हा एकाहत्तर. त्यांची पाण्याची बाटली माझ्या पिशवीत होती.

या हाकेबद्दल थोडं सांगायला हवं. कॉलेजात असताना मी सातारच्या बाजूचे बरेच गड चढलो. आमच्या गटाची एक पद्धत होती. एक जण सगळ्यांच्या पुढे, एक सगळ्यांच्या मागे. मागच्याला आम्ही नुसतं 'शेवटचा' म्हणायचो. त्याला कितीही कंटाळा आला, कितीही पाय शिवशिवले, तरी कुणाला मागे टाकून पुढे जायचं नाही. फाटा आला की पुढचा थांबून विचारणार, "शेवटचा?" शेवटच्याने डोकी मोजून "पूर्ण" म्हटलं की मगच सगळे हलणार. चेन्नईत ही पद्धत मीच आणली. शोळिंगनल्लूरला आमच्या ऑफिसात पुण्या-नागपूरकडची बरीच तरुण मुलं-मुली आहेत, त्यांचा सुट्टीच्या दिवशी डोंगरात जाणारा एक गट जमला होता. पहिल्या सहलीआधी कँटीनमध्ये त्यांच्यापुढे उभा राहून मी सांगितलं होतं, "पुढचा चुकला तर वाट चुकते. शेवटचा चुकला तर माणूस जातो." टाळ्यासुद्धा पडल्या होत्या.

पहिली दोन वर्षं मी पुढे असायचो. मग पोट सुटलं, गुडघा कुरकुरायला लागला. त्या जानेवारीच्या सहलीआधी गटातल्या कोल्हापूरच्या मुलाने, जो आता पुढे चालणार होता, मला फार अदबीने सांगितलं, "दादा, ह्या वेळी तुम्ही शेवटचे राहाल का? तुमच्याइतका अनुभवी माणूस मागं पाहिजे." मी हसून हो म्हटलं. मनातून मला ते लागलं होतं. माझं वय झालं हे त्या पोराने मला गोड शब्दांत सांगितलं, असंच मी धरून बसलो.

जागा चेन्नईहून अडीच तासांवर, आंध्रच्या हद्दीत. जंगलखात्याने तिथे बाग केल्यासारखी वाट आखली आहे. निळ्या बाणांची वाट कुटुंबांसाठी. फरशी टाकलेली, मध्ये मध्ये कठडे, सिमेंटचे झाडाच्या बुंध्यासारखे रंगवलेले बाक, तोंड वासलेल्या सशाच्या आकाराच्या कचरापेट्या. ती खालच्या कुंडापर्यंत जाते. अर्ध्या वाटेवर फाटा फुटतो आणि लाल बाणांची वाट खडकांतून वरच्या धबधब्याकडे जाते. ईशान्येचा पाऊस नुकताच संपलेला असतो, त्यामुळे पोंगलच्या सुमाराला पाणी भरपूर असतं आणि दगडांवर शेवाळही भरपूर असतं.

बायकोला त्या रविवारी शाळेच्या कामाने जाता येत नव्हतं. ती शिक्षिका आहे. तिनेच अप्पांचं नाव काढलं. अप्पा म्हणजे तिचे वडील. सासूबाई गेल्यापासून ते अड्यारला भाड्याच्या घरात एकटेच राहत होते. रोज पहाटे घरापासून चालत समुद्रापर्यंत जायचे, तिथे त्यांच्यासारखेच चार निवृत्त लोक जमायचे, परत येताना कॉफी. यात तीस वर्षांत खंड पडला नव्हता.

"सोपी वाट आहे ना? मग अप्पांना घेऊन जा. त्यांना झाडं-पानं फार आवडतात," ती म्हणाली. आणि निघताना दारात, आमच्या अकरा वर्षांच्या मुलीची वेणी घट्ट करता करता, "त्यांना एकटं सोडू नका हं. ते बोलणार नाहीत, पण नवीन जागी बावरतात."

मी म्हटलं, "मी शेवटचाच माणूस आहे. माझ्या मागे कोण राहणार?"

अप्पांचं घराणं तंजावरकडचं. तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेले मराठी लोक, त्यांतले. त्यांचं मराठी जुन्या कागदांतल्यासारखं आणि बोलण्याची चाल तमिळची. मला ते 'माप्ळे' म्हणायचे, म्हणजे तमिळमध्ये जावई. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी मी मित्रांत त्यांच्या बोलण्याची नक्कल करून हशा मिळवायचो. बायकोच्या माघारी. हेही आत्ता लिहून टाकतो, कारण त्या दिवशी बसमध्येही हेच झालं. मुलांनी त्यांना मध्ये बसवलं आणि एक जण म्हणाला, "आजोबा, बोला ना काहीतरी तुमच्या मराठीत."

"काय बोलूं?" अप्पा म्हणाले. "तुम्ही विचारा, मी सांगतों."

एवढ्यावरच हशा झाला. अप्पाही हसले. त्यांना वाटलं, पोरं आनंदात आहेत. मी खिडकीबाहेर बघत होतो आणि मला लाज वाटत होती. त्या पोरांची नव्हे, अप्पांची.

वाट सुरू झाली तेव्हा नऊ वाजून गेले होते. फाटकाशी एक बाई टोपलीत काकड्या घेऊन बसली होती. अप्पांनी तिच्याशी मोडक्या तेलुगूत गप्पा मारल्या, एक काकडी घेतली, तिखट-मीठ नको म्हणून सांगितलं. पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं लुंगीसारखं धोतर, वर अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायांत रबरी चपला. मी त्यांना बूट घाला म्हणून सांगितलं नव्हतं. वाट सोपी होती ना.

पहिली पंधरा मिनिटं बरी गेली. मग मला कळलं की ते प्रत्येक पाटीपाशी थांबणार आहेत. तमिळ पाटी वाचणार, इंग्रजी वाचणार, तेलुगू अक्षरं बोटाने जुळवणार.

"माप्ळे, हें पाहा. हा वृक्ष आमच्या गावीं देवळामागे होता. याची साल उगाळून लावीत."

"हो का. चला."

"मुळें कशी पाहा, दगडाला धरून."

"चला अप्पा, लोक पुढे गेले."

मुलगी इतर मुलांबरोबर पुढे पळाली होती. वळणावळणाला कोल्हापूरच्या मुलाची हाक यायची, आणि आम्ही दोघं एवढे मागे असायचो की मला दोनदा उत्तर द्यावं लागायचं. एकदा वरून कुणीतरी ओरडलं, "दादा, झोपलात का?" पोरी हसल्या. मला गुडघ्यापेक्षा ते हसणं जास्त दुखलं.

अप्पांना घाम आला होता. खांद्यावरच्या कापडी पिशवीत त्यांची स्टीलची बाटली होती, बायकोला लहानपणी शाळेत बक्षीस मिळालेली, जड. मी म्हटलं, "द्या ती बाटली, मी घेतो. तुमचं ओझं कमी." त्यांनी दिली. तेवढी एक गोष्ट मी त्या दिवशी चांगल्या मनाने केली, आणि तीच त्यांच्यावर उलटली.

फाट्यापाशी पोचलो तेव्हा गट थांबला होता. खालचं कुंड दहा मिनिटांवर होतं, पण तरुणांना वरच्या धबधब्यावर जायचं होतं. लहान मुलंही जाणार म्हणून उड्या मारत होती. मुलीने हात वर करून विचारलं, "बाबा, वरती? प्लीज?" मी हो म्हटलं. कोल्हापूरचा मुलगा अप्पांकडे बघून म्हणाला, "आजोबांना वर जमणार नाही दादा. तुम्ही त्यांच्यासोबत खालच्या कुंडावर थांबा. आम्ही तासाभरात आलोच."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी म्हटलं, "बघतो. तुम्ही व्हा पुढे."

ते लाल बाणांच्या वाटेने चढायला लागले. मी अप्पांना फाट्यावरच्या सिमेंटच्या बाकावर बसवलं आणि म्हटलं, "अप्पा, मी जरा वर जाऊन येतो. दहा मिनिटं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भोवती पाहिलं. पाण्याचा आवाज सगळीकडून येत होता.

"माप्ळे, मज एकटा टाकून जाऊं नका," ते म्हणाले. "ही जागा मज ठाऊक नाही. थोडें बसूं, मग दोघे हळू खाली जाऊं."

"अप्पा, इथे काय वाघ येणार आहे?"

"वाघ नाही. तरी तुम्ही असा."

"तुम्ही काय लहान मूल आहात का? सगळा वेळ तुमच्यामागेच चाललोय मी. एकदा तरी मला वर जाऊ द्या."

हे वाक्य मी ओरडून म्हटलं नाही. ओरडलो असतो तर निदान राग आला होता असं म्हणता आलं असतं. मी ते दात आवळून, हळू म्हटलं, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

ते "सरि," म्हणाले, म्हणजे बरं. वेष्टीचा काठ गुडघ्यांवर नीट केला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून, बसची वाट बघतो तसे बसले.

मी वळलो. पन्नास पावलं वर गेलो असेन, तेवढ्यात हाक आली. "शेवटचा?"

पुढचं ठाऊकच आहे.

वर पाणी सुरेख होतं. मी पोहलो. खडकावरून उडी मारली, पोरांनी शिट्ट्या मारल्या, "दादा, अजून दम आहे!" कुणीतरी फोटो काढला. त्यात मी कमरेएवढ्या पाण्यात उभा आहे, हात वर, तोंड उघडं. तो फोटो अजून गटाच्या व्हॉट्सॲपवर आहे. दहा मिनिटं म्हणून गेलो होतो. तासभर कधीच उलटून गेला होता. मध्ये दोनदा अप्पांची आठवण झाली आणि दोन्ही वेळा मी स्वतःला सांगितलं, बसले असतील पाट्या वाचत.

उतरताना फाट्यावर बाक रिकामा होता. मी थबकलो. पण गट घाईत होता, लहान मुलं भुकेली होती, आणि मनाने लगेच सोयीचं उत्तर काढून दिलं: कंटाळून बसकडे गेले असतील. पुढून हाक आली आणि मी दुसऱ्यांदा म्हटलं, "पूर्ण."

ही दुसरी वेळ मी कधी कुणाला सांगितली नव्हती.

बसपाशी सतरंज्या अंथरल्या होत्या. पुऱ्या, बटाट्याची भाजी, चित्रान्न. मी ताट वाढून घेतलं. अप्पा दिसत नव्हते. प्रसाधनगृहाकडे गेले असतील. मी अर्धी पुरी खाल्ली होती तेव्हा मुलगी हातात कागदी बशी घेऊन आली. तिने एक लाडू वेगळा काढून ठेवला होता.

"बाबा, आजोबा कुठे आहेत? हा त्यांचा."

कोल्हापूरच्या मुलाने मान वर केली. "म्हणजे? मला वाटलं, तुम्ही त्यांना कुणासोबत तरी बसकडे पाठवून वर आलात. तुम्ही पूर्ण म्हणालात ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी आणखी एक खोटं बोललो, आधीच्या दोन्हींपेक्षा वाईट. "तेच म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी बसतो. फार हट्ट धरला. मला वाटलं परत आले असतील."

ड्रायव्हरने त्यांना पाहिलं नव्हतं. काकडीवाल्या बाईनेही नाही, आणि ती सकाळपासून फाटकातून हलली नव्हती. तिने पहारेकऱ्याला हाक मारली, टोपली तशीच टाकली आणि आमच्या पुढे चालायला लागली. त्यांना तिनेच शोधलं. बाकाच्या मागे ओढ्याकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत, कठडा नसलेल्या. तळाशी, दोन खडकांच्या मध्ये, अप्पा कुशीवर पडले होते. एक पाय पाण्यात. वेष्टी सुटून पाण्यावर पसरली होती, आणि त्या माणसाने आपल्या एका हाताने शर्ट खाली ओढून स्वतःला झाकून घेतलं होतं. अडीच तासांत कुणीतरी येईल आणि आपण असे दिसू, याची त्यांना काळजी होती.

ते पाणी प्यायला उतरले होते.

बाईने आपल्या डोक्यावरचं फडकं भिजवून त्यांच्या ओठांना लावलं. ते तेलुगूत तिला काही म्हणाले. नंतर पहारेकऱ्याने त्याचा अर्थ सांगितला: मी हाका मारल्या, पण पाण्याचा आवाज फार.

खुब्याचं हाड मोडलं होतं. बांबू आणि सतरंजी यांची झोळी करून त्यांना आणलं. जंगलखात्याच्या जीपमध्ये कोल्हापूरचा मुलगा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, रडवेला झाला होता, आणि त्या भरात रागावून म्हणाला, "आजोबा, कशाला हट्ट केलात एकटं बसायचा? दादांना कशाला पुढं पाठवलंत?"

अप्पांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या पायांशी बसलो होतो, बाटली असलेली पिशवी मांडीवर घेऊन. मग म्हणाले, "होय. मीच म्हटलें, पुढे व्हा."

मी मान खाली घातली. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो.

शस्त्रक्रिया झाली, हाडात सळई बसली, पण आधीसारखं चालणं परत आलं नाही. अड्यारचं घर सोडलं. ते आमच्याकडे शोळिंगनल्लूरला आले, सातव्या मजल्यावर. वॉकर घेऊन पलंगापासून गॅलरीपर्यंत, गॅलरीपासून पलंगापर्यंत. गॅलरीतून समोर काचेच्या इमारती दिसतात. समुद्र आहे त्याच बाजूला, पण दिसत नाही. त्यांच्या समुद्रावरच्या मंडळींतले दोघे एकदा येऊन गेले. मग फोन. मग फोनही नाही.

बायकोने सगळं केलं. आंघोळ, मलम, औषधं, शाळा सांभाळून. ती चिडायची, आणि चिडली की एकच गोष्ट बोलायची. "अप्पा, किती वेळा सांगितलं असेल तुम्हाला, एकटं राहू नका म्हणून! पण नाही. हट्ट. सगळा जन्म हट्ट." हे ती त्यांना न्हाणीघरात उचलून नेताना म्हणायची, आणि त्यांचा दुसरा दंड मी धरलेला असायचा. अप्पा म्हणायचे, "होय गे, चुकलें माझें." चार वर्षं. किती वेळा ते मी मोजलं नाही. मला मोजायची भीती वाटायची.

मला वाटायचं, ते मला शिक्षा देताहेत. एखाद्या दिवशी ते सगळ्यांसमोर खरं सांगतील म्हणून मी त्यांच्याशी जास्त गोड वागू लागलो. पेपर वाचून दाखवायचा, नखं काढून द्यायची. एकदा ते म्हणाले, "माप्ळे, तुम्ही इतके करूं नका. मज संकोच होतो." तेव्हा कळलं, त्यांच्या मनात शिक्षा वगैरे काही नाही. मुलीचा संसार बिघडू नये म्हणून त्यांनी एकदा ते वाक्य म्हटलं होतं आणि आता ते निभावत होते, इतकंच. त्यानेही मला धीर आला नाही. उलट वाटलं, चला, म्हणजे ते कधीच सांगणार नाहीत.

गेल्या वर्षापासून त्यांना विसर पडायला लागला. आधी शेजाऱ्यांची नावं, मग वार, मग सासूबाई गेल्यात हे. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाईल. बायको त्या रात्री रडली. मलाही रडू आलं, पण त्या रडण्यात कुठेतरी एक सुटल्याची भावना होती, आणि ती ओळखल्यावर मी स्वतःला जितका घाबरलो तितका आयुष्यात कशाला घाबरलो नाही. खरं माहीत असलेला दुसरा माणूस ते विसरत चालला होता. थोडे महिने थांबलो असतो तर मी म्हणत होतो तेच खरं ठरलं असतं.

माफी मी दोन महिन्यांपूर्वी मागितली. आधीच सांगतो, त्याचा त्यांना काही उपयोग झाला नाही. संध्याकाळपर्यंत ते विसरले होते. बायको विसरली नाही. ती अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते आणि मला त्याबद्दल तक्रार नाही. मुलगीही मोजकंच बोलते. कोल्हापूरच्या मुलाला मी नंतर फोन केला, तो ऐकून घेऊन एवढंच म्हणाला, "मी आजोबांवर ओरडलो होतो हो दादा."

माफी मागितली तो रविवार होता, सकाळचे आठ. मुलगी आता पंधराची. शाळेचं शिबिर डोंगरात जाणार होतं, म्हणून हॉलभर तिचं सामान पसरलं होतं. अप्पा खुर्चीत इडलीची बशी घेऊन. बायकोने माळ्यावरून ती स्टीलची बाटली काढली, घासून आणली.

"ही ने. प्लास्टिकची नको."

"अम्मा, इट्स सो हेवी!"

"असू दे जड. आणि तिथे गटाबरोबर राहायचं. आजोबांसारखा हट्ट करून एकटं कुठे बसायचं नाही."

अप्पांनी बाटलीकडे पाहिलं. हात पुढे केला. मुलीने ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली, तळाशी कोरलेली शाळेची अक्षरं अंगठ्याने चाचपली.

"ही माझी बाटली," ते म्हणाले. "त्या दिवशीं ही मजपाशी नव्हती. कां नव्हती?"

ते स्वतःशीच आठवत राहिले, कपाळाला आठ्या घालून, अवघड हिशेब सोडवावा तसे. मग चेहरा सैल झाला.

"मीच दिली असेन. मीच म्हटलें ना, पुढे व्हा? हट्टी मनुष्य मी." ते माझ्याकडे वळले, बाटली मांडीत धरून हात जोडले. इडलीची चटणी बोटांना लागली होती. "माप्ळे, तुमची सहल मी नासवली. लोकांत तुम्हाला खाली पाहावें लागले. कधी बोललों नाही. क्षमा करा मज."

"झालं ते झालं अप्पा," बायको म्हणाली, पिशवीची चेन ओढत. "खा तुम्ही. गार होतंय."

मी उठून त्यांच्यासमोर फरशीवर बसलो. गुडघा दुखला. त्यांचे जोडलेले हात मी सोडवले, कारण ते मला बघवत नव्हते. बायको म्हणाली, "काय झालं?" मी तिच्याकडे बघितलं नाही. तिच्याकडे बघितलं असतं तर पुन्हा काहीतरी सोयीचं बोललो असतो.

"अप्पा," मी म्हटलं, "तुम्ही हट्ट केला नव्हता. तुम्ही म्हणालात, मला एकटं टाकून जाऊ नका. दोनदा म्हणालात. मी तुम्हाला लहान मूल आहात का विचारलं आणि गेलो, कारण मला पोरांसमोर वर चढून दाखवायचं होतं. तुमचं पाणी माझ्याजवळ होतं. मला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी पूर्ण म्हणालो. मग तुमच्या नावावर खोटं बोललो, आणि तुम्ही ते माझ्यासाठी खरं म्हणून सांगितलं, आणि चार वर्षं हिची बोलणी खाल्लीत. मी तिथेच उभा असायचो, तुमचा हात धरून. चूक तुमची नाही. तुमची कधीच नव्हती. माझी होती. मला माफ करा."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. त्यांना किती समजलं मला ठाऊक नाही. म्हणून मी तेच पुन्हा, सावकाश म्हटलं, या वेळी बायकोला आणि मुलीलाही नीट ऐकू जाईल असं: "अप्पा, मी तुम्हाला टाकून गेलो. मला माफ करा."